हलव्याचा कंबरपट्टा

साखरेला काटा कसा आणायचा ते मला कुणी शिकवलं नाही, माझी मीच शिकले, असं मी आजवर चारचौघींत सांगत आले. धादांत खोटं आहे ते. आईनं शिकवलं, आणि तेही स्वतःचे हात गेले म्हणून नाइलाजानं शिकवलं. हल्ली सुना-नाती दुकानातून हलव्याच्या दागिन्यांचा तयार डबा आणतात आणि मला विचारतात, आजी, तुम्ही म्हणे हे घरी करायचात? करून दाखवा ना. मी म्हणते, डोळे गेले गं बायांनो. डोळे चांगले शाबूत आहेत माझे, दोन्ही मोतीबिंदू काढलेत, सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवते. करायचं नाही म्हणून करत नाही. का करायचं नाही ते आता इथं लिहून टाकते, कारण ज्यांना ते वाचून वाईट वाटलं असतं ती माणसं राहिली नाहीत.

आमचं गाव भूमपासून दोन कोसांवर. घर दोन खणांचं, पुढं पत्र्याचा सोपा, दारात एक शेवगा. आण्णांची, म्हणजे वडलांची, चार एकर मुरमाड जमीन होती. त्यात हुलगे आणि करडई यायची, पाऊस झाला तर जोंधळा. घरात आम्ही चौघं: आण्णा, आई, थोरली बहीण मालन आणि मी. मालनला मी आक्का म्हणायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं भरलेली, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबला तरी आवाज शेजारी जायचा. मी लहान, काळी आणि आगाऊ. आई म्हणायची, एकीला द्यायचं ते देवानं दुसरीच्या जिभेत घातलंय.

आईचं माहेर बार्शीचं. तिथं तिच्या मावशीकडं संक्रांतीचा हलवा व्हायचा, ती विद्या घेऊन ती आमच्या माळावर आली. गावात कुणाकडं नवी सून आली किंवा बाळाची पहिली संक्रांत आली की बाया साखरेची पुडी घेऊन आईकडं यायच्या. आई पहाटे उठायची. काटा पहाटेच्या कोरड्या थंडीतच धरतो, ऊन चढलं की साखर नुसती चिकटते. शेगडीत चार निखारे राखेनं झाकलेले, त्यावर पितळी परात, परातीत मूठभर तीळ. बाजूला दुधाचा थेंब टाकून मळी काढलेला पाक, अगदी पातळ. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि पाची बोटांच्या शेंड्यांनी हलक्या हातानं फिरवत राहायचं, तो पुरता सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. असं चार दिवस, पाच दिवस. घाई केली तर दाणा गुळगुळीत होतो, निखारा तापला तर पिवळा पडतो. दुसऱ्या दिवशी तीळ पांढरे होतात, तिसऱ्या दिवशी त्यांना बारीक टोकं फुटतात, आणि परातीतला आवाजही बदलतो. आधी सरसर असते, मग खुळखुळ येते. त्या आवाजानं मला जाग यायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओळखायची की आज काटा आला.

आक्काचं लग्न दुष्काळाच्या आधीच्या उन्हाळ्यात झालं. स्थळ मोठं होतं. एसटीनं तासाभराच्या गावातलं पाटलाचं घर, साठ एकर जमीन, दोन विहिरी, आणि अंगणात धान्याचं पेव. आण्णा म्हणाले होते, आपल्याला झेपेल तिथं द्यावी. पण पाटलांनीच पोरगी बघून मागणी घातली होती, नारळ आणि मुलगी एवढंच मागितलं होतं, आणि आईला ते पेव फार आवडलं होतं. माझी लेक आता जन्मात उपाशी ऱ्हात न्हाय, असं ती विहिरीवर सगळ्यांना सांगायची. मग विहिरीच आटल्या.

त्या सालाबद्दल लोकांनी बरंच लिहून ठेवलंय, मी वेगळं काय सांगणार? पाऊस आदल्या वर्षी हुकला होता, त्या वर्षी आलाच नाही. बैल गेले. आण्णा आणि आई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. तिथं आमचंच गाव होतं सगळं: मराठे, बौद्धवाड्यातली माणसं, धनगर, शाळेतल्या शिपायाची बायको, एका ढिगाला सगळे. आठवड्याला हातात मजुरी पडायची, रेशनला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा आणि कामावर सुकडी वाटायचे. सुकडी म्हणजे शिजवलेल्या पिठाची गोडसर भुकटी. आज कुणी ती तोंडात धरणार नाही, पण आम्ही बोटं चाटून खाल्ली. आम्ही त्या वर्षी सुकलो, काळे पडलो, पण उपाशी झोपलो नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं कळायला ते लागेल.

पौषाच्या तोंडावर चाँदबी आली. ती बांगड्या भरायची, पंचवीस गावं पायाखाली घालायची, आणि माहेर-सासरचे निरोप तिच्याच पाटीतून फिरायचे. ती आक्काच्या गावाहून आली होती. सोप्यात टेकली, पाणी प्यायली आणि आईला म्हणाली, "मालननं सांगितलंय, औंदा दागिनं करू नका म्हन्ली. साखर हाय तशी पाठवा. आन जमलं तर थोडी सुकडी." मग जरा थांबून म्हणाली, "भाबी, तिची बांगडी दोन नंबरानं उतरली."

बांगडी भरणाऱ्या बाईला माणसाचा हात जेवढा कळतो तेवढा डॉक्टरलाही कळत नसेल. तिनं तिच्या परीनं सगळं सांगून टाकलं होतं. पण आईनं ते वेगळंच ऐकलं. मोठ्या घरात काम बी मोठं, अंग उतरायचंच, असं म्हणाली. दागिने नको म्हणते, कारण आईच्या हाताला त्रास नको, गुणाची आहे माझी लेक. आणि सुकडीचं ऐकून तर आई हसलीच. डोहाळ्यासारखी आवड लागली असेल कुठं चाखून, म्हणाली. पण पाटलाच्या दारात सरकारी सुकडीची पिशवी घेऊन गेलो, तर पोरीची मान जन्माची खाली जाईल. बडा घर पोकळ वासा ही म्हण आईला येत नव्हती असं नाही. रोज दुसऱ्यांना लावायची. आपल्या लेकीच्या घराला लावायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि मला काय वाटलं विचाराल, तर मला एवढंच वाटलं की आता दागिने होतात की नाही. मला ते व्हायला हवे होते.

आईनं चार महिन्यांची रेशनची साखर मडक्यात राखली होती. आम्ही चहा गुळाचा प्यायलो, मग गूळही नाही म्हणून मिठाचा प्यायलो. पहिल्या पहाटे तिनं परात मांडली, पाक सोडला आणि बोटं घातली. मी शेजारी बसले होते. थोड्या वेळानं मला करपल्याचा वास आला. तिला आला नाही आणि कळलंही नाही. खडी फोडून तिच्या बोटांचे शेंडे घट्ट झाले होते, चिरांत काळं भरलं होतं. निखारा किती तापलाय ते तिला लागतच नव्हतं. तीळ पिवळे पडले. तिनं परात खाली उतरवली, हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "हात ऱ्हायलं न्हाईत माझं." रडली नाही. मला म्हणाली, तू बस.

मी बारा वर्षांची. पाच पहाटे बसले. आई पाठीमागून सांगायची, हळू, शेंड्यानं, तळवा लावू नगंस, आता थांब, आता सोड. मग ती कामावर जायची आणि मी एकटी. बोटांना फोड आले तरी मी कपडा गुंडाळला नाही, कारण कपड्यातून दाणा कळत नाही. चौथ्या दिवशी काटा आला. खरं सांगते, लग्न झालं, दोन पोरं झाली, मास्तरीण होऊन पेन्शनीत निघाले, पण तेवढा आनंद पुन्हा झाला नाही. आई संध्याकाळी आली, दाणा चिमटीत धरून उजेडाकडं नेला आणि म्हणाली, माझ्या मावशीच्या हातचा वाटतोय. मी दोन दिवस तरंगतच होते.

दागिने मीच बांधले. हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. काळ्या दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवावा लागतो. वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले, उदबत्तीच्या पुड्यातला सोनेरी कागद चिकटवला. हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, आणि सगळ्यांत मोठा कंबरपट्टा, चार पदरी, मधे कमळ. तेवढ्या साखरेत एवढं कसं बसवलं याचं मला आजही नवल वाटतं.

घेऊन आण्णा आणि मी गेलो. आई आली नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही अशी आमच्यात रीत. आण्णाही बाहेर ओसरीवरच बसले, व्याह्यांशी पावसाचं बोलत, पाण्याच्या तांब्याला न शिवता. तिथं कुणीतरी सहकारी साखर कारखान्याची गोष्ट काढली होती. आपल्याकडं कारखाना व्हायला हवा, शेअर गोळा करायला माणसं जीपनं फिरतायत म्हणे. कोसावरून पाणी आणणाऱ्या गावात उसाच्या गप्पा चालल्या होत्या. कारखाने पुढं झाले, तो भाग निराळा. सांगायचं एवढंच, की आत फक्त मी गेले. त्या घरचा स्वयंपाक बघणारी आमच्याकडून मी एकटीच होते.

आणि मी काय बघितलं? चुलीवर मोठं पातेलं, त्यात आधण खळखळत होतं, झाकण ठेवलेलं. मला वाटलं, डाळ अजून टाकायची असेल. आक्काची सासू, तिला आक्का आत्याबाई म्हणायची, भिंतीला टेकून बसली होती. माझ्या गालावरून तिनं हात फिरवला तेव्हा तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, म्हातारी आहे. कोपऱ्यात जात्यावर कोळ्याचं जाळं. मला वाटलं, मोठी माणसं, गिरणीतून दळून आणत असतील. पुढं सगळं कळलं. पेव पावसाळ्यातच रिकामं झालं होतं. गावात सगळे दुष्काळी कामावर जात होते, फक्त पाटलाच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. पाटलाची सून खडी फोडणार? पाटील मजुरीच्या ओळीत उभा राहणार? मग घरात बसायचं, चूल पेटवायची, आणि धूर लोकांना दिसू द्यायचा. पोटाला दिवसाआड एक भाकरी चौघांत. आत्याबाई स्वतःचा तुकडा पोराच्या ताटात सरकवायची, असं आक्कानंच मला नंतर सांगितलं. सासूबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. पण संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र व्हायलाच हवं होतं. पाटलाच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत, सारं गाव येणार.

आक्काला मी पाच-सहा महिन्यांनी बघत होते. गालाची हाडं वर आली होती, पण काळ्या चंद्रकळेत मला ती देखणीच वाटली. तिनं मला जवळ घेतलं आणि पहिलं काय विचारलं? पिशवीत काय काय हाय. मी रुबाबात डबा उघडला. तिनं नुसतं बघितलं. मग म्हणाली, "साखर न्हाई आणली?" मला राग आला. हीच की साखर, मी म्हणाले, नीट बघ तरी, काटा बघ, माझ्या हातचा आहे.

कोठीच्या खोलीत तिला दागिने घालायचे होते. मी हार घातला, बांगड्या बांधल्या, आणि बिंदीला सुई हवी म्हणून शेजारच्या घरी गेले. परत आले तर खोलीचं दार लोटलेलं. आत कुरकुर आवाज येत होता. मला वाटलं, उंदीर. दार ढकललं. आक्का दाराआड उकिडवी बसली होती, कंबरपट्ट्याचं एक टोक तोंडात, आणि दातांनी दोऱ्यावरून दाणे ओढून काढत होती. कमळ गेलं होतं. हनुवटीवर पांढरा भुगा होता. ती माझ्याकडं वर बघून म्हणाली, "इंदे, भूक लागलीय गं."

मी तिच्या हातातून तो पट्टा हिसकावला. तिनं धरून ठेवला नाही, लगेच सोडला, एवढं मला नेमकं आठवतं. मी काय काय बोलले! पाच दिवस मी बोटं भाजून घेतली, तुला काही वाटतं का, घोडी झालीस, आता बायांना काय दाखवू? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उभी राहिली. मी तिच्यासमोर बसून बाजूबंदाचे दाणे सोडवले, ते पट्ट्याला लावले, नवं कमळ केलं, आधीच्यापेक्षा बारीक. अर्धा तास तरी लागला असेल. मग मी तिच्या कमरेला पट्टा बांधला आणि तिला बाहेर नेलं.

गावच्या बाया आल्या. सगळ्यांनी नावाजलं. कुणी केलं, कुणी केलं, असं विचारत होत्या, आणि मी प्रत्येकीला सांगत होते. आक्का पाटावर बसली होती, गळ्यात साखर, मनगटात साखर, कमरेला साखर. त्या घरची रीत अशी की हळदीकुंकू झालं की नव्या सुनेच्या अंगावरचा हलवा लुटायचा. तो लुटायचा मान धाकट्या बहिणीचा. मी एकेक दागिना उतरवला, दोरे तोडले आणि दाणे सुपात ओतले. बाया आणि त्यांची पोरं नुसती तुटून पडली. मी दोन्ही हातांनी वाटला. एकदाही मागं वळून आक्काकडं बघितलं नाही. शेवटची मूठ राहिली ती मी रुमालात बांधून घेतली, आईला दाखवायला.

घरी आल्यावर आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. फक्त कोठीच्या खोलीतलं सांगितलं नाही. तेव्हा तरी ते आक्काचं बिंग झाकायला नव्हतं. माझा कंबरपट्टा मोडला होता ते मला सांगायचं नव्हतं. आईनं रुमालातले दाणे दुसऱ्या दिवशी कामावर नेले आणि खडी फोडणाऱ्या बायांना एकेक दिला. बघा, माझ्या लेकीच्या सासरी लुटला.

त्या संक्रांतीनंतरचा पाऊस चांगला झाला. पेरणीच्या दिवसांत आक्का बाळंत झाली. संक्रांतीत तिला चौथा महिना होता, हे मी बोटांवर मोजलं ते फार नंतर, मला स्वतःला दिवस गेले तेव्हा. मुलगा झाला. तळहाताएवढा, रडायलाही ताकद नसलेला. अकरा दिवस जगला. आक्काला पुन्हा मूल झालं नाही. नवरा भला होता, त्यानं दुसरं लग्न केलं नाही. दोघांनी शेती केली, म्हातारपणी त्यांच्या दारात ऊस होता. आई पुढं वीस वर्षं जगली, आणि दर संक्रांतीला आल्यागेल्या बाईला सांगायची, माझ्या मालनची पहिली संक्रांत सबंध गावानं बघितली, एवढं सुख तरी मी तिला दिलं. आक्का समोर असली तर म्हणायची, व्हय, लई नावाजलं. मी पण म्हणायची.

दोन वर्षांमागं, आक्का जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, ती माझ्याकडं आठ दिवस राहायला होती. दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. पन्नास वर्षांनी मी तो विषय काढला. आक्का, मी विचारलं, त्या संक्रांतीचं तू आईला कधीच का सांगितलं नाहीस?

"आईला सांगून काय करायचं हुतं," ती म्हणाली. "तिनं तिच्या तोंडातली साखर काढून पाठवली हुती."

"मला तरी ओरडायचंस एकदा."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुला सांगितलं हुतं की. साऱ्या जगात तुला एकटीला सांगितलं हुतं, इंदे. मालकाला बी न्हाय, आत्याबाईला बी न्हाय. तुला म्हनले हुते, भूक लागलीय."

मी रडायला लागले. चुकलं माझं आक्का, मला माफ कर, असं म्हणून तिचे पाय धरायला गेले. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"म्या जगले की," ती म्हणाली. "माझी कशाला मागतीस? तवा आमी दोघं हुतो. त्येची माग."

मग तिनं शेंग उचलली आणि फोडायला लागली. त्यानंतर कितीदा तरी मी देवापुढं बसून त्याची माफी मागायला बघितलं. पण हाक मारून बोलावं, तर तो अकराव्या दिवशी गेला आणि बारसं असतं बाराव्या दिवशी. त्याला नावच नाही.